वर्तमानपत्राची घडी

सकाळी दारात पडलेले वर्तमानपत्र उचलून आपण घाईघाईने पहिल्या पानावरचा मथळा वाचू लागतो, तेव्हा त्या पानाच्या वरच्या आणि खालच्या कडेकडे पाहण्याइतकी सवड कोणालाच नसते. पण एखाद्या रविवारी ती काढून पाहिले, तर असे दिसेल की ही कड पुस्तकाच्या कडेसारखी सरळ कापलेली नसून करवतीच्या दात्यांसारखी बारीक दंतुर आहे, आणि तिच्यालगत, कोऱ्या समासात, ठरावीक अंतरावर सुईने टोचल्यासारखी काही छिद्रे आहेत. आमच्या वाड्यातले एक वयोवृद्ध पेन्शनर ही छिद्रे म्हणजे पोस्टखात्याने अंक तपासल्याची खूण आहे, असे आम्हा मुलांना छातीठोकपणे सांगत असत, आणि त्यांनी तीस वर्षे सरकारी दप्तरात काढलेली असल्यामुळे त्यांच्या शब्दावर शंका घेण्याची आमची प्राज्ञा नव्हती. पुढे छापखान्याशी संबंध आल्यावर कळले, की ती खूण कोणत्याही खात्याची नसून यंत्राची आहे: धावता कागद जिने पकडला ती टाचण्यांची ओळ, आणि जिने तो तोडला ती दातेरी सुरी, या दोघींनी प्रत्येक प्रतीवर उठवलेली ती निशाणी आहे.

मुद्रणकलेचा इतिहास लिहिणारांनी खिळे, शाई आणि दाब यांची वर्णने पानेच्या पाने केली आहेत, आणि ते योग्यच झाले; परंतु वर्तमानपत्राच्या बाबतीत मला नेहमी वाटत आले आहे की छापणे हा त्यातला सोपा भाग होता. कागदावर अक्षर उमटायला क्षणाचा काही अंश पुरतो. तो कागद अक्षरापर्यंत आणायचा कसा, तिथून सुरकुती न पडता न्यायचा कसा, आणि वाचकाच्या काखेत मावेल अशी त्याची घडी घालायची कशी, या तीन प्रश्नांपायी मात्र युरोप-अमेरिकेतल्या कारागिरांची उणीपुरी सत्तर वर्षे खर्ची पडली.

29 नोव्हेंबर 1814 रोजी लंडनच्या टाइम्सचा अंक प्रथमच वाफेच्या यंत्रावर छापला गेला. फ्रीडरिख कोनिग आणि आंद्रेआस बाउअर या दोघा जर्मनांनी बांधलेले ते यंत्र तासाला 1,100 ताव छापी. हातदाबावर दोन माणसे घाम गाळून दोन-अडीचशेच्या पलीकडे जात नसत. छापखान्यातले कामगार बिथरतील या भीतीने मालक जॉन वॉल्टर याने ही सारी उभारणी शेजारच्या इमारतीत गुपचूप केली होती. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत वेग वाढत गेला, पण तो वाढवण्याची रीत अशी, की एका सिलिंडरच्या जागी चार बसवायचे आणि कागद लावणाऱ्या एका माणसाच्या जागी चार उभे करायचे. ऑगस्टस ॲपलगाथ याने 1848 साली टाइम्ससाठी जे यंत्र उभारले ते या विचारसरणीचा कळस म्हणावे असे होते. मधोमध प्रचंड उभा पिंप, त्याच्या अंगावर खिळ्यांचे रकाने बसवलेले, सभोवार आठ उभे सिलिंडर, आणि त्या प्रत्येकाशी कागद लावणारा एक व उचलून घेणारा एक, अशी सोळा माणसे! लावणारा माणूस ताव आडवा ठेवी. पिंप पडला उभा. तेव्हा तो ताव फितींच्या जाळ्यातून नेऊन वाटेत कडेवर उभा करायचा, उभ्यानेच छापायचा आणि पुन्हा फितींच्या हवाली करायचा, असा तो द्राविडी प्राणायाम होता. 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात लोक याच धर्तीचे यंत्र पाहायला गर्दी करीत. मला त्या आठ फीतवाटांचे कौतुक त्या पिंपाहून अधिक वाटते, कारण कागदाला मार्ग दाखवण्याच्या विद्येची धुळाक्षरे तिथे गिरवली गेली.

अमेरिकेत रिचर्ड हो याने 1847 च्या सुमारास पिंप आडवा केला, खिळे पाचरीच्या आकाराच्या पट्ट्यांनी त्यावर घट्ट धरले, आणि भोवती चार, पुढे सहा, आठ, दहा जागा कागद लावणारांसाठी केल्या. दहा माणसांचे यंत्र तासाला वीस हजार ताव छापी, पण एकाच बाजूने. लढाईतल्या जहाजासारखे ते मजल्यामजल्यांचे धूड पाहिले की एक गोष्ट उघड होते: यंत्र धावायला तयार होते, पण त्याला माणसाच्या हाताने एकेक घास भरवावा लागत होता.

आता वास्तविक कागदाची गिरणी 19व्या शतकाच्या आरंभापासूनच अखंड कागद काढीत होती. निकोला-लुई रोबेर या फ्रेंच माणसाने 1799 च्या सुमारास अखंड कागदाच्या यंत्राचे पेटंट घेतले होते, आणि इंग्लंडात फोरड्रिनियर बंधूंनी आपली दौलत त्यात घालून तो उद्योग उभा केला होता. म्हणजे एका कारखान्यात अखंड पट्टा तयार व्हायचा, तो कापून ताव करायचे, ते ताव दुसऱ्या कारखान्यात नेऊन एकेक करून यंत्राला लावायचे. ही विसंगती ज्याच्या ध्यानात आली तो गृहस्थ मुद्रकही नव्हता. टपालाच्या एक पेनीच्या तिकिटामुळे पुढे ज्याचे नाव जगभर झाले त्या रोलंड हिल याने 1835 साली अखंड रिळावर छापणाऱ्या फिरत्या यंत्राचे पेटंट घेतले. पण सरकारच्या महसूल खात्यापुढे त्याचे काही चालेना. त्या काळी इंग्लंडात वर्तमानपत्रावर कर होता, आणि तो भरल्याचा शिक्का कोऱ्या तावावर, सुट्या सुट्या तावावर, सरकारी अंमलदारांच्या देखत उमटवून घ्यावा लागे. रिळावर शिक्का मारण्याची तजवीज यंत्रातच करू द्यावी अशी हिलची मागणी होती. खजिन्याच्या अधिकाऱ्यांनी ती नामंजूर केली. ज्ञानावरचा कर म्हणून या कराची निंदा पुष्कळांनी केली आहे. त्याने यंत्राची वाटही वीस वर्षे अडवून धरली, हे सहसा कोणी सांगत नाही. 1855 साली शिक्क्याची सक्ती गेली, 1861 साली कागदावरची जकातही उठली. पण तोवर पहिले फळ अमेरिकेच्या पदरात पडायचे ठरून गेले होते.

ते फळ फिलाडेल्फियाच्या विल्यम बुलक याने तोडले. 1863 साली पेटंट घेतलेल्या आणि 1865 च्या सुमारास वर्तमानपत्राच्या कामाला लागलेल्या त्याच्या यंत्रात रिळाचा कागद आपल्या पायांनी आत जाई आणि दोन्ही बाजूंनी छापून बाहेर पडे. खिळ्यांच्या जागी, कागदाच्या लगद्याच्या साच्यातून ओतलेल्या अर्धगोल शिशाच्या प्लेटी आल्या होत्या, त्यामुळे पिंपावरून खिळे उडण्याची धास्ती उरली नव्हती. परंतु बुलकने कागद आधी कापला आणि मग छापला, आणि तिथेच तो अडखळला. रिळाला जोडलेला आहे तोवर कागद लगाम घातलेल्या घोड्यासारखा असतो. तोडला की उधळतो. चिमट्यांतून सुटलेले ताव बाहेरच्या टोकाशी नीट पडेनात. ही उणीव काढायला त्याला आयुष्य पुरले नाही. 1867 च्या एप्रिलात आपल्याच यंत्राचा निसटलेला पट्टा पायाने लाथाडून चाकावर चढवताना त्याचा पाय आत सापडला, जखम चिघळली, आणि पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेत त्याचे प्राण गेले.

हो याच्या कारखान्यातल्या स्टीफन टकर याने 1871 च्या यंत्रात जी युक्ती केली ती मला या साऱ्या इतिहासात अत्यंत लोभस वाटते. त्याने कागद आधी छापला, मग सुरीने जवळजवळ पूर्ण कापला, पण पूर्ण नाही; मध्ये दोन-चार ठिकाणी तो बोटभर शाबूत ठेवला. तशा अर्धवट अवस्थेत पुढचा ताव मागच्या तावाला ओढत नेई, आणि नेमक्या जागी जरा अधिक वेगाने धावणाऱ्या फिती त्याला हिसका देऊन सोडवून घेत. तिकिटांच्या पानातून एक तिकीट तोडताना आपणही हेच करतो. सुटलेले ताव एका सिलिंडरवर एकावर एक गोळा होत आणि पाच-सहांचा थर झाला की एकदम खाली उतरत. ताशी अठरा हजार प्रती दोन्ही अंगांनी छापून निघू लागल्या. इतके झाले तरी घडी राहिलीच. छापलेले ताव ढिगाने बाहेर पडायचे आणि माणसे, बहुधा पोरेसोरे, ते हाताने दुमडीत बसायची. 1875 साली टकरने घडी घालणाऱ्या फिरत्या सिलिंडरचेही पेटंट घेतले, तेव्हा कोठे यंत्राच्या शेवटच्या टोकाचा हात हलका झाला.

पण इथवर मी कागद सरळ चालतो असे गृहीत धरून लिहीत आलो. तो तसा चालत नाही, हे मला पुण्यातल्या एका दैनिकाच्या छापखान्यात, रात्री दीडच्या सुमारास, रिळावर छापणाऱ्या रोटरी यंत्राजवळ उभे राहिल्यावर प्रथम समजले. तिथला मुख्य मशीनमन, ज्याला सगळे नुसते मामा म्हणत, नवे रीळ चढवण्यापूर्वी त्याच्या अंगावर मुठीने ठकठक करीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाई, बाजारात कलिंगड वाजवून घेतात तसा. जिथे आवाज बद्द येई तिथे रीळ सैल गुंडाळले आहे असे समजायचे, आणि रात्री त्या कडेवर डोळा ठेवायचा. गोदीत आपटून चेपलेले रीळ असेल तर ते गोल फिरतच नाही; प्रत्येक फेऱ्यात एकदा कागद ढिला पडतो आणि एकदा ताणला जातो. एका कडेला ओल लागली असेल तर ती कड फुगून लोंबते, दुसरी तारेसारखी ताठ होते, आणि कागद ताठ कडेवर फाटतो. “कागदाला वाट दाखवावी लागते, पण ओढून न्यायचं नाही,” असे मामा म्हणाले, आणि मला आठवते ते असे की हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, रिळाच्या कडेकडे पाहत होते.

रिळाच्या आसावर चामड्याचा पट्टा आणि त्याला टांगलेली वजने हा त्यांचा लगाम. इथे एक गंमत आहे. रीळ भरलेले असताना जो ब्रेक सौम्य वाटतो, तोच रीळ संपत येताना, त्याचा घेर लहान झाला म्हणजे, कागदाला जाचक होतो. म्हणून रीळ उतरत जाईल तसतसे एकेक वजन काढून घ्यायचे असते, आणि ते कधी काढायचे याचे कोष्टक मामांच्या कानात होते. यंत्राच्या आतले ओढणारे रूळ पुढे पुढे किंचित, अगदी किंचित, अधिक वेगाने फिरतात, म्हणजे कागद कोठेही सैल पडत नाही. तो डावीउजवीकडे सरकू लागला तर रीळच स्क्रूच्या चाकाने बाजूला सरकवायचे, किंवा वाटेतल्या एखाद्या रुळाचे एक टोक केसभर उचलायचे, कारण कागद ज्या रुळावरून जातो त्याच्याशी काटकोन करून चालण्याचा त्याचा स्वभावच आहे. सुरीचा घाव मजकुरावर न पडता समासात पडावा म्हणून आणखी एक रूळ मागेपुढे करून कागदाची वाट लांबवता किंवा आखडता येते. पुढे ही कामे विजेचे डोळे आणि मोटारी करू लागल्या, पण त्यांनी मामांच्याच नियमांची नक्कल केली.

त्या रात्री कागद तुटलाच. आधी यंत्राच्या घरघरीत एक चाबकासारखा आवाज झाला, मग कोणी तरी “तुटला!” म्हणून ओरडले, यंत्र कण्हत थांबले, आणि मी पाहतो तो शाईच्या रुळांभोवती कागदाच्या वीतभर जाडीच्या चिंध्या गुंडाळलेल्या. चौघांनी मिळून त्या चाकूने सोडवल्या. मग मामांनी रिळाचे टोक दोन्हीकडून तिरपे फाडून त्याची जिभेसारखी निमुळती पट्टी केली आणि ती रुळांमधून, गुडघ्यांवर बसून, हाताने पुढे ढकलीत ढकलीत पार घडीच्या यंत्रापर्यंत नेली. सुईत दोरा ओवावा तसा. वीस मिनिटे गेली. बाहेर पार्सलची गाडी भोंगा वाजवीत उभी होती.

घडीच्या यंत्राचे हृदय म्हणजे एक त्रिकोणी पत्रा. गुळगुळीत, उतरता, टोक खाली केलेला. त्याला स्वतःला हालचाल नाही, धार नाही, काही नाही. छापलेला रुंद कागद वरच्या रुळावरून त्यावर उतरतो, त्याचे दोन्ही पदर त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून आपोआप खाली कलतात, आणि टोकाशी दोन उभ्या रुळांच्या चिमटीत शिरताना ते पदर एकमेकांना मिळून उभी घडी पडते. मधल्या धाग्याला आणि कडेच्या धाग्याला सारखीच वाट चालावी लागेल असा त्रिकोणाचा कोन साधलेला असतो, म्हणून सुरकुती पडत नाही. वाण्याच्या पुडीचे भूमितिशास्त्र तेच. ज्या 1881 साली जानेवारीत पुण्यात केसरीचा पहिला अंक निघाला, आणि त्याचे ताव सपाट यंत्रावर छापून हाताने दुमडून टपालात टाकले जात होते, त्याच सुमारास न्यूयॉर्कात हो यांच्या यंत्रांना हा त्रिकोण बसला. त्याच कारखान्याशी संबंध आलेला ल्यूथर क्रोवेल हा गृहस्थ आधी कागदी पिशव्या करणाऱ्या यंत्राबद्दल ओळखला जाई. पिशवी आणि वर्तमानपत्र यांची ही सोयरीक नुसती योगायोगाची म्हणता येणार नाही. आणि आपल्याकडे वाचून झालेले वर्तमानपत्र अखेर शेंगदाण्याच्या पुडीलाच जाते, तेव्हा वर्तुळ पुरे होते म्हणायला हरकत नाही.

उभी घडी पडलेला तो अखंड पट्टा पुढे सिलिंडरवर येतो. तिथे टाचण्यांची ओळ त्याच्या पुढच्या कडेत घुसते, दातेरी सुरी मागून घाव घालते, आणि सुटा झालेला ताव टाचण्यांवर लटकत फिरत असतानाच एक बोथट पाते आतून त्याच्या पोटात खुपसले जाते. समोरच्या सिलिंडरचा जबडा ती जागा चावून घेतो आणि आडवी घडी पडते. टाचण्या मागे सरतात. ही सगळी कृती वाचायला जितका वेळ लागला तेवढ्यात आधुनिक यंत्र काही शे प्रती पुरवते. मग पवनचक्कीच्या पात्यांसारख्या पंख्याच्या एकेका खाचेत एकेक अंक पडतो, आणि तिथून माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक रचलेले अंक पट्ट्यावरून बाहेर येतात. ठरावीक संख्येनंतरचा एक अंक यंत्र मुद्दाम तिरका सारते, म्हणजे गठ्ठे बांधणाऱ्याला मोजावे लागत नाही. या तिरक्या अंकाला आमच्या छापखान्यात काही विशेष नाव नव्हते, नुसता “वाकडा” म्हणत.

अनेक रिळांचे पट्टे एकमेकांवर घालून एकाच त्रिकोणावर नेता येतात, आणि एखादा पट्टा यंत्राच्या एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचा तर त्याला पंचेचाळीस अंशांत कललेल्या दांड्यांवरून दोनदा वळवून घेतात. 19व्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क हेरल्डचे राक्षसी यंत्र तासाला बहात्तर हजार आठपानी अंक घडी घालून देऊ लागले ते याच दोन साधनांच्या बळावर.

वाचकाला पाने दिसतात, यंत्राला रिळे दिसतात. दोन पाने रुंदीच्या यंत्रावर एक पूर्ण रीळ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार पाने. आठ पाने हवीत तर दोन रिळे. सहा हवीत तर? तेव्हा एक पूर्ण आणि एक अर्ध्या रुंदीचे रीळ लावायचे. अर्ध्या रिळाचा कागद त्रिकोणाच्या एकाच बाजूने उतरतो, त्याला घडी पडत नाही, आणि म्हणून सहापानी अंक उघडताच मधले दोन पानांचे सुटे पान घसरून पडते. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले आणि पाने आखडली तेव्हा, आणि नंतरही कित्येक वर्षे, आयात कागदाची टंचाई असताना, हे सुटे पान आपल्या दैनिकांचा जणू स्थायीभाव होते. नेपानगरच्या गिरणीचे 1956 साली रीतसर उद्घाटन झाले, सालई आणि बांबूचा देशी कागद येऊ लागला, तरी टंचाई मिटली नाही.

या सुट्या पानाने एकदा सर्वोच्च न्यायालयाचीही पायरी चढली. केंद्र सरकारने 1960 साली दैनिकांची किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा हुकूम काढला. पुण्याचा सकाळ तेव्हा सात नये पैसे किमतीत आठवड्यातले पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार पाने देई, आणि रविवारचा अंक दहा पानांचा असे. रविवार सोडून सहा दिवसांची पाने झाली 34. हुकुमाप्रमाणे त्या किमतीत 24 च देता येत होती, म्हणजे रोजची चार. सरकारचे म्हणणे असे, की बड्या पत्रांनी पाने वाढवून लहान पत्रांना चिरडू नये. सकाळचे म्हणणे असे, की पाने कमी करणे म्हणजे मजकूर कमी करणे, आणि किंमत वाढवणे म्हणजे वाचक कमी करणे. 25 सप्टेंबर 1961 रोजी न्यायालयाने तो हुकूम आणि त्याचा आधार असलेला कायदा, दोन्ही भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवून रद्द केले. निकालपत्रात पृष्ठांचा, किमतीचा, जाहिरातींच्या जागेचा विचार झाला. अर्ध्या रिळाचा उल्लेख अर्थातच नाही.

आमच्या घरी ते मधले पान वडिलांच्या वाट्याचे असे. अंक हातात घेतला की ते तो उभा धरून हलकेच झटकीत, पान मांडीवर पडे, आणि बाकीचा अंक आमच्याकडे सरकवून ते बाजारभाव वाचू लागत.